आईचीच किडनी, मग गोळ्या जन्मभर कामून? (टी पेशी, टॉलरन्स आणि नोबेलचा फॉरवर्ड)

मांजराकाठ, लातूर

धाकट्या भावाला आईची किडनी बसवली त्याला वर्ष होऊन गेलं. क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा कचरा) १.२ च्या आसपास टिकून आहे, गडी परत आडतीवर बसायलाय, सोयाबीनची आवक सुरू झाल्यापासून तर दुपारचा डबाही मोंढ्यातच. तब्येतीची तक्रार नाही, वाद घरात आहे.

मामा म्हणायलेत, "सख्ख्या आईची किडनी हाय, सगळं जुळलं होतं, वर्षभरात अंगाला लागली असंल. आता ह्या गोळ्या कामून?" त्यात फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की परका अवयव शरीराला आपला वाटायला लावणारी पेशी सापडली, तिला २०२५ चं नोबेल मिळालं, आता गोळ्यांची गरज संपली. भाऊ काही बोलत नाही. पण परवा रात्रीची गोळी "राहून गेली" म्हणाला, आणि मला ती राहून गेल्यासारखी वाटली नाही.

डॉक्टरांनी "बंद करायच्या नाहीत" हे ठणकावून सांगितलंय. पण ओपीडीबाहेर एवढी माणसं ताटकळलेली असतात की "का?" विचारायला तोंड उघडत नाही. इथं जाणकार आहेत म्हणून विचारतो. शरीर आईची किडनी परकी म्हणून ओळखतं कसं, वर्षानंतरही ते विसरत कसं नाही, आणि त्या नोबेलचं नेमकं काय?

बालाघाट, बीड

फॉरवर्ड वाचून गोळ्या बंद करणाऱ्यांसाठी वेगळं नोबेल ठेवायला पाहिजे. बाकी वाचतोय.

काचपट्टी, छत्रपती संभाजीनगर

मी पॅथॉलॉजिस्ट. मला रुग्ण कमी भेटतात, त्यांच्या किडनीचे सुतासारखे तुकडे जास्त भेटतात. त्या बाजूनं लिहितो.

आधी "सगळं जुळलं" याचा निकाल लावू. आपल्या जवळपास सगळ्या पेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर, एक संच आईकडून, एक वडलांकडून. म्हणजे आई आणि मुलगा यांचं निम्मंच जुळतं, कितीही सख्खी असली तरी. आईचा दुसरा संच मुलासाठी परकाच. पूर्ण जुळणी होऊ शकते ती भावंडांत. शक्यता २५ टक्के पूर्ण, ५० टक्के निम्मी, आणि २५ टक्के काहीच नाही. तेव्हा डॉक्टर "जुळलं" म्हणाले ते बहुधा एवढ्याच अर्थानं, की रक्तगट चालतो आणि क्रॉसमॅच निगेटिव्ह आहे. म्हणजे तुमच्या भावाच्या रक्तात आईच्या पेशींविरुद्ध आधीच तयार झालेल्या अँटिबॉडी नाहीत. त्यानं पहिल्या काही तासांतला धोका टळतो. टी पेशींचा, म्हणजे परकं ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, प्रश्न तिथून पुढं सुरू होतो.

एचएलए पूर्ण जुळलेल्या भावंडांतही इतर बारीकसारीक प्रथिनं वेगळी असतात, म्हणून गोळ्या लागतातच. सुटका फक्त एकसारख्या जुळ्यांची. २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी पहिली यशस्वी किडनी बसवली ती जुळ्या भावांत. आणि ती करण्याआधी एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावून तो टिकतो का हे पाहिलं होतं.

आता टी पेशी. प्रत्येक टी पेशीला एकच एक ओळखणारा रिसेप्टर असतो. एखाद्या नव्या विषाणूला ओळखणाऱ्या पेशी लाखात एखादी, फार तर काही. पण परक्या माणसाच्या एचएलएला प्रतिसाद देणाऱ्या पेशी शंभरात एक ते दहा निघतात! याचं कारण थायमसमध्ये आहे. ही छातीच्या हाडामागची ग्रंथी. तिथं टी पेशी तयार होताना निवडच अशी होते की स्वतःचं एचएलए थोडंफार ओळखणारी पेशी जगते आणि त्याला जोरात चिकटणारी मरते. दुसऱ्याचं एचएलए या निवडीत कधी आलेलंच नसतं. त्यामुळं ते दिसलं की ढीगभर पेशींना ते "आपलंच, पण बिघडलेलं" असं भासतं.

ओळख दोन वाटांनी होते. किडनीबरोबर आईच्या काही पांढऱ्या पेशीही येतात. त्या भावाच्या लसिकाग्रंथींत आणि प्लीहेत जातात आणि तिथल्या टी पेशी त्यांना थेट पाहतात. ही सुरुवातीच्या महिन्यांतली, जोराची वाट. पुढं आईच्या त्या पेशी संपत जातात, म्हणून ही वाट मंदावते, आणि मामांचं "अंगाला लागली" तेवढ्यापुरतं खरं वाटू लागतं. पण दुसरी वाट उघडीच राहते. भावाच्याच पेशी किडनीतून सुटणारी आईची प्रथिनं गिळून, त्यांचे तुकडे स्वतःच्या एचएलएवर मांडून टी पेशींना दाखवत राहतात. किडनी आहे तोवर हे चालू. याच वाटेनं सीडी४ नावाच्या मदतनीस टी पेशी अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना मदत करतात, आणि वर्षांनी अचानक दात्याविरुद्ध अँटिबॉडी सापडतात. जुनाट रिजेक्शनमागं, म्हणजे शरीरानं अवयव हळूहळू नाकारण्यामागं, बहुतेक वेळा हेच असतं.

नुसतं दिसून टी पेशी कामाला लागत नाही, हेही महत्त्वाचं. तिला दुसरा इशारा लागतो, तिच्या सीडी२८ रिसेप्टरला समोरच्या पेशीवरच्या बी७ प्रथिनाचा. आपल्याकडं उसाची कारखान्यात नोंद असली म्हणून टोळी फडात उतरत नाही, कारखान्याच्या चिटबॉयनं तोड लावावी लागते, तसंच. पहिला इशारा मिळाला आणि दुसरा आलाच नाही, तर टी पेशी सुस्त पडते, पुढंही प्रतिसाद देत नाही. पण कापलेली, बर्फात ठेवलेली, रक्ताविना राहून परत रक्त मिळालेली किडनी इजेच्या खुणा सोडतच असते. त्यामुळं दुसरा इशारा तिथं मुबलक असतो.

तुमच्या भावाची टॅक्रोलिमस टी पेशीच्या आत कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम अडवते, मग टी पेशींना वाढायला सांगणारा आयएल-२ हा संदेश तयारच होत नाही. मायकोफेनोलेट पेशींची संख्या वाढू देत नाही. प्रेडनिसोलोन दाह कमी करते. तिन्हीपैकी एकही गोळी टी पेशीला "ही किडनी आपली आहे" असं शिकवत नाही. पेशी तिथंच असतात, ओळखत असतात, फक्त हलू दिल्या जात नाहीत.

मांजराकाठ, लातूर

काचपट्टी सर, हे छापून मामांच्या हातात देणार आहे. गोळ्या सोडल्यावर नेमकं काय होतं तेही सांगा. भावाला ते ऐकवायचंय.

काचपट्टी, छत्रपती संभाजीनगर

सांगतो. किडनीत मूत्र वाहून नेणाऱ्या बारीक नलिका असतात. पीएएस रंग दिला की त्यांच्याभोवतीचं पातळ आवरण गुलाबी-किरमिजी रेघेसारखं दिसतं. चांगल्या किडनीत नलिका एकमेकींना खेटून बसलेल्या, मध्ये फारसं काही नाही. रिजेक्शनच्या काचपट्टीवर त्या लांब झालेल्या दिसतात, मधली जागा सुजलेली, आणि तिथं गर्द निळे गोल ठिपके. त्या लिम्फोसाइट, म्हणजे टी पेशी ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशी. त्यांची गर्दी एवढ्यानं निदान होत नाही. मी शोधतो ती रेघ ओलांडून नलिकेच्या भिंतीत शिरलेली पेशी, भोवती किंचित पांढरं वलय असलेली. नलिकेच्या एका छेदात अशा किती आहेत ते मोजायचं आणि बॅन्फ वर्गवारीनुसार श्रेणी द्यायची. (बॅन्फ हे कॅनडातलं गाव, १९९१ ला तिथं बसून डॉक्टरांनी हे निकष ठरवले.) यातल्या सीडी८ पेशी परफोरिन आणि ग्रँझाइम सोडून नलिकेच्या पेशी मारतात.

हे सगळं चालू असताना माणसाला बहुतेक वेळा काहीच दुखत नाही. लघवी होत असते, भूक लागत असते. क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर भिंतींत पेशी शिरलेल्या असतात. वेळेत सापडलं तर मिथाइलप्रेडनिसोलोनचे मोठे डोस शिरेतून देऊन बरेचदा आवरतं. पण जिथं व्रण झाला तिथली नलिका परत येत नाही.

सेलूकर, परभणी

मी स्वतः किडनी बसवलेला माणूस, भावाची. मांजराकाठ भाऊ, तुमच्या धाकट्याला माझा निरोप द्या. डायलिसिसला माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक जण असायचा, माझ्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचंही ऑपरेशन झालं. दोन वर्षं ठणठणीत. मग गोळ्यांचा खर्च, शेतीची कामं, आणि "मला तर काहीच होत नाही". त्यानं आधी एक वेळची सोडली, मग दोन्ही. परत त्याच खुर्चीवर आला. आता दुसरी किडनी शोधायलेत, पण पहिलीच्या अँटिबॉडी इतक्या झाल्यात की क्रॉसमॅच लागत नाही.

गोळी राहते ती धाकानं नाही, कंटाळ्यानं राहते. रागावू नका त्याच्यावर. त्याच्या आडतीवरच एक पट्टी ठेवा.

देवणीवाला, उदगीर

मी जनावरांचा डॉक्टर. माणसांचे डॉक्टर सांगत नाहीत म्हणून सांगतो, या विद्येचं मूळ गोठ्यात आहे.

गाईला गोऱ्हा आणि कालवड असं जुळं झालं तर ती कालवड बहुतेक वेळा गाभण राहत नाही, हे आपल्याकडं जुन्या माणसांना ठाऊक असतं. देवणी असो की लाल कंधारी, बाजारात जाणता गडी "जुळ्यातली का?" विचारतोच. पोटात दोघांच्या वारेच्या रक्तवाहिन्या जुळतात, गोऱ्ह्याचे हार्मोन कालवडीत जातात, म्हणून असं होतं. पण हार्मोनबरोबर रक्तपेशीही इकडच्या तिकडं जातात. १९४५ मध्ये अमेरिकेत रे ओवेन यांनी पाहिलं की जुळ्या गुरांच्या अंगात एकमेकांच्या रक्तगटाच्या पेशी मोठेपणीही तयार होत असतात, आणि शरीर त्यांना हात लावत नाही.

ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्यांच्या कातडीवर काम करत होते. दुसऱ्याची कातडी लावली तर ती गळते, त्याच दात्याची परत लावली तर आणखी लवकर गळते, म्हणजे शरीर लक्षात ठेवतं, हे त्यांनी दाखवलं होतं. पुढं जुळी गुरं एकसारखी की वेगळी हे कातडी लावून ओळखता येईल असं त्यांना वाटलं, आणि बघतात तर वेगळी जुळीही एकमेकांची कातडी ठेवून घेत होती. मग ओवेन यांचं काम त्यांच्या नजरेला पडलं. १९५३ मध्ये बिलिंगहॅम, ब्रेंट आणि मेडावर यांनी पोटातल्या उंदराच्या पिलांना दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या. मोठेपणी त्या पिलांनी त्या जातीची कातडी ठेवून घेतली, एकही औषध न देता. तिसऱ्याच जातीची लावली तर गळाली. मेडावर आणि ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ बर्नेट यांना १९६० चं नोबेल मिळालं ते यावर.

एकाच दात्याला सहन करायचं, बाकी सगळ्यांशी लढायची ताकद शाबूत. टॉलरन्स म्हणतात तो हाच. गोळ्यांनी जे होतं त्यात टीबीशी लढणाऱ्या पेशीही दबतात.

बालाघाट, बीड

म्हणजे १९५३ ला जमलं. सत्तर वर्षं झाली की! उंदराला जमतं ते माणसाला का जमंना? औषध कंपन्यांचा धंदा बसंल म्हणून तर नाही?

काचपट्टी, छत्रपती संभाजीनगर

बालाघाट, शंका रास्त आहे, उत्तर कंपन्यांत नाही. प्रयोगशाळेतला उंदीर जन्मापासून स्वच्छ पिंजऱ्यात वाढतो. त्याच्या टी पेशी कोऱ्या असतात. तुम्ही-आम्ही देवी-गोवराच्या लशींपासून गावच्या विहिरीच्या पाण्यापर्यंत सगळं पचवून आलोय. त्यात तयार झालेल्या स्मृती टी पेशींपैकी काही योगायोगानं परक्या एचएलएलाही ओळखतात, आणि त्यांना दुसऱ्या इशाऱ्याची फारशी गरज पडत नाही. म्हणून उंदरात दुसरा इशारा अडवून जे साधतं, ते माणसात अर्धवट राहतं. तोच इशारा अडवणारं बेलाटासेप्ट अमेरिकेत २०११ ला किडनीसाठी मंजूर झालं. किडनीवर ते टॅक्रोलिमससारखा वाईट परिणाम करत नाही, पण सुरुवातीला रिजेक्शन जास्त होतात, आणि इंजेक्शन घेत राहावंच लागतं.

गुरांची युक्ती माणसात करून पाहिलीच आहे. दात्याची किडनी आणि अस्थिमज्जा बरोबरच द्यायची, म्हणजे दात्याच्या पेशी थायमसपर्यंत पोचतील आणि विरोधी टी पेशी तिथंच मरतील. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरलनं २००८ मध्ये निम्म्या जुळणीच्या पाच रुग्णांचा अनुभव छापला. एकाची किडनी गेली, चौघांच्या सगळ्या गोळ्या बंद झाल्या. पुढच्या वर्षांत असे रुग्ण वाढले, पण काहींना परत गोळ्या सुरू कराव्या लागल्या. आपल्या शेजारी अहमदाबादला डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनीही दात्याच्या मूलपेशी देऊन गोळ्या कमी करण्याचं काम बरीच वर्षं केलं. अडचण अशी की मज्जेला जागा करायला आधी जबर औषधं किंवा किरण द्यावे लागतात, आणि दात्याच्या पेशी उलट रुग्णावरच उठण्याची भीती असते. नीट चाललेल्या किडनीसाठी हा जुगार कुणी सुचवणार नाही.

नोबेलचं असं. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलं की सीडी४ पेशींतच एक गट असा आहे जो बाकीच्या टी पेशींना आवरतो. नियामक टी पेशी. मेरी ब्रंकाउ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये एका आजारी उंदराच्या वाणावरून फॉक्सपी३ हे जनुक शोधलं, ते बिघडलं की शरीर स्वतःवरच उलटतं. साकागुचींनी पुढं या दोन गोष्टी जोडल्या. २०२५ चं नोबेल तिघांना मिळून आहे, ते शरीर स्वतःला कसं सांभाळतं या शोधासाठी. प्रत्यारोपण हा त्याचा एक संभाव्य उपयोग. रुग्णाच्या नियामक पेशी बाहेर वाढवून परत देण्याच्या चाचण्या झाल्यात. २०२० मध्ये 'वन स्टडी' या किडनी रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले: पेशी देणं सुरक्षित दिसलं, संसर्ग कमी झाले, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या. कमी, बरं का.

आणि यातली गंमत: नियामक पेशींना जगायला तोच आयएल-२ लागतो जो टॅक्रोलिमस अडवते. ज्या गोळीनं किडनी टिकते, तीच टॉलरन्सची वाटही अरुंद करते. मला या विषयात सर्वांत अवघड गाठ हीच वाटते.

यकृताचं मात्र वेगळं आहे. यकृत बसवलेल्या निवडक रुग्णांच्या गोळ्या देखरेखीखाली थांबवता आल्याची उदाहरणं बरीच आहेत. किडनीत असे अगदी विरळा. आणि "हा रुग्ण टॉलरंट आहे" असं खात्रीनं सांगणारी रोजच्या वापरातली रक्ततपासणी नाही, म्हणून बंद करून बघू म्हणता येत नाही.

बालाघाट, बीड

पटलं. तरी कंपन्यांवरचा माझा संशय राखीव ठेवा.

मोंढ्यातला_मेडिकलवाला, नांदेड

दुकानाच्या बाजूनं थोडं. टॅक्रोलिमसची पातळी जरा खाली गेली तर रिजेक्शन, वर गेली तर किडनीलाच इजा, हात थरथरणं, साखर वाढणं. म्हणून स्टॉक नाही म्हणून दुसऱ्या कंपनीची दिली तर घेऊन गप बसू नका. डॉक्टरला फोन, आणि काही दिवसांनी पातळी तपासायची. रक्त द्यायचं ते सकाळच्या गोळीच्या आधी, आदल्या गोळीला बारा तास झाल्यावर. लातूरहून पहाटेची लाल परी धरून जाणारे लोक सवयीनं घरीच गोळी घेऊन निघतात आणि रिपोर्ट भलताच येतो. गोळी खिशात ठेवा, रक्त दिलं की घ्या.

सर्दी-खोकल्याला क्लॅरिथ्रोमायसिन, गजकर्णाला फ्लुकोनाझोल, यांनी पातळी झपकन वर जाते. टीबीच्या रिफाम्पिसिननं खाली कोसळते. पपनस खायचं नाही. मोसंबीचा रस ग्लासभर प्यायच्या आधी रक्तातलं पोटॅशियम किती ते विचारा, ही गोळी पोटॅशियम वाढवते.

आणि मामांना काढा करू देऊ नका. गुळवेल "प्रतिकारशक्ती वाढवते" म्हणूनच विकली जाते. ज्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलीय त्याला ती कशाला? शिवाय गुळवेलीनं यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत.

मांजराकाठ, लातूर

काढा चालूच होता हो. "घरचाच आहे" म्हणून कुणी बोललं नव्हतं. आज बंद. उद्या डॉक्टरांना फोन करून काढ्याचं आणि राहिलेल्या गोळीचं दोन्ही सांगतो.

गोदातीर, नांदेड

धागा पळवत नाही, पण इथंच विचारतो. बायकोला किडनी पाहिजे, मी द्यायला तयार, रक्तगट एकच. तरी क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली. माझ्यात काही दोष आहे का?

समन्वयक_ताई, छत्रपती संभाजीनगर

दादा, तुमच्यात दोष काही नाही. लेकरं किती तुम्हाला? गरोदरपणात बाळाकडून आलेले वडलांचे एचएलए आईच्या शरीरानं पाहिलेले असतात. तिच्या टी आणि बी पेशी तेव्हाच तयार झाल्या, आता तेच एचएलए तुमच्या पेशींवर दिसले. नवऱ्याची किडनी बायकोला देताना हे बरेचदा आडवं येतं. त्यात डायलिसिसला असताना रक्ताच्या बाटल्या चढवल्या असतील तर आणखी भर पडते. म्हणून हिमोग्लोबिनची इंजेक्शनं वेळेवर घ्या आणि रक्त चढवणं टाळता येईल तेवढं टाळा, असं आम्ही सांगत असतो.

आता सिंगल अँटिजेन बीड तपासणी करायला सांगा. कोणत्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी आहेत आणि किती, ते त्यात कळतं. कमी असतील तर प्लाझ्मा बदलून, औषधं देऊन उतरवता येतात. जास्त असतील तर अदलाबदल: तुमची किडनी दुसऱ्या जोडप्याला, त्यांची तुमच्या मंडळींना. २०११ च्या दुरुस्तीपासून कायद्यानं ते चालतं. त्याचबरोबर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या यादीत मेंदूमृत दात्यासाठी नावही घालून ठेवा, एक वाट धरली म्हणून दुसरी बंद होत नाही. महात्मा फुले योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख केलेली आहे, तुमच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून कागदं आत्ताच समजून घ्या.

येताना बाळंतपणांची आणि रक्त चढवल्याची नोंद घेऊन या. गर्भपात झाला असेल तर तोही सांगा, लोक तो सोडून देतात.

गोदातीर, नांदेड

दोन लेकरं, ताई. मधला एक राहिला नव्हता, ते कुणी विचारलंच नव्हतं. रक्त धाकटीच्या वेळी चढवलं आणि डायलिसिस सुरू झाल्यावर परत. दवाखान्यातून कागद काढून घेतो.